नवं पेन, जुनंच रडगाणं

नवं कोरं फाउंटन पेन, आणि पहिलंच अक्षर गायब! कागदावर निब टेकवली की नुसता कोरडा ओरखडा. तीच रेघ पुन्हा ओढली की शाई कशी झकास, जणू काही झालंच नव्हतं. दर नव्या पेनाचं हेच. आणि तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा, कारखान्यातलं तेल राहिलं असेल." धुतलं हो! निब धुतली, तिच्याखालची शाई पुरवणारी जीभ धुतली, शाई भरायचा कन्व्हर्टरही धुतला. तेल केव्हाच गेलं, खोड तशीच.

भिंगाखाली बघा एकदा. निबेच्या टोकाशी मधल्या चिरेच्या दोन्ही आतल्या कडा घासून घासून गोल करून ठेवल्यात. केशाकर्षणाने शाई चिरेतून खाली येते खरी, पण कागदाला टेकायच्या जरा वरच अडकून बसते. जोर दिला की मग उतरते. म्हणजे गुळगुळीत चालावं म्हणून इतकं पॉलिश केलं की लिहिणंच बंद! वर शहाणे सांगतात, मायक्रोमेश, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, आणून स्वतः घासा. का म्हणून? घासलं की वॉरंटी गेली, ते वेगळंच.

जिभेत बारीक खाचा पाडून शाईचा ओघ आवरायचं पेटंट पेनवाल्या वॉटरमनने १८८४ सालीच घेतलं होतं. अजूनही डबीत घालण्याआधी एक ओळ लिहून बघायला कुणाला सवड नाही? बदलून मागितलं तर म्हणे, शाई भरलेलं पेन परत घेत नाही. मग शाई न भरता दोष कळायचा कसा, तेही सांगा की!