धालोची चाल कोणी 'विकत' घेतलेली नाही

धालो म्हणजे गोव्यातल्या बायका मांडावर (गावातल्या ठरलेल्या अंगणात) नाचत गातात ती पारंपरिक गाणी. 'धालोच्या चालीचा कॉपीराइट एका कंपनीने घेतला, आता मांडावर गायलाही परमिशन लागणार' असा मेसेज फिरतोय, तो चूक आहे. झालं एवढंच की आमच्या पेडण्यातल्या बायकांच्या धालोच्या व्हिडिओवर यूट्यूबचा क्लेम (कॉपीराइटचा दावा) आला, कारण तीच चाल कोणीतरी कीबोर्ड घालून रेकॉर्ड केलीय आणि मशीनला दोन्ही सारखंच वाटलं (आमच्यात मागे कुत्रं भुंकतंय, तरीपण!). १९५७ च्या कायद्याने त्यांचा हक्क त्यांच्या रेकॉर्डिंगवर, तोही ६० वर्षं, फार तर स्वतः घातलेल्या म्युझिकवर, पण आजीपणजीकडून आलेल्या चालीवर नाही. रचणारा माहीत असलेलं गाणं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याच्या मरणानंतरही ६० वर्षं हक्क राहतो. आम्ही डिस्प्यूट (दाव्यावर हरकत) टाकलाय, उत्तर द्यायला क्लेम करणाऱ्यांना ३० दिवस आहेत.