‘फोटो तसेच चढवा, बाकी साइट बघून घेईल’ म्हणे!

गणपती आटोपले की पुण्यातल्या मंडळांच्या, सोसायट्यांच्या आणि ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. लिहिणारा कोण ते कळत नाही, पुढे ढकलणारे मात्र भरपूर. त्याचा मथितार्थ असा: ऑनलाइन फोटो गॅलरी करायला आता फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर लागत नाही. कॅमेऱ्यातले, फोनमधले फोटो जसेच्या तसे चढवा, लहानमोठं करायचं ते साइटच करते. फोटो ३०० डीपीआयचा (म्हणजे छापताना एका इंचात ३०० ठिपके) असला म्हणजे झालं, नाहीतर स्क्रीनवर फाटतो. एडिट केलेला फोटो खोटा, तेव्हा त्याला हात लावू नका. ऑनलाइन गेलेलं कायम राहतं, म्हणून हार्ड डिस्कवरचे फोटो उडवून जागा मोकळी करा. आणि नेटवरचा फोटो सगळ्यांचा, कुणीही वापरावा.

माझ्याकडे पेठांमधल्या वाड्यांच्या फोटोंची एक छोटी गॅलरी सांभाळायला आहे, त्यामुळे हा मेसेज मलाही ‘तुमच्या कामाचं आहे’ म्हणून येतो. कामाचं त्यात फारसं काही नाही. उलट यातली एक सूचना चांगलीच महागात पडू शकते.

साइट फोटो लहान करते हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मेसेज पटतो. गूगल फोटोज, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्यावर बघणाऱ्याला दिसते ती त्यांनी स्वतःच्या सोयीने लहान केलेली प्रत. वेबसाइट बांधायचं वर्डप्रेसही एका फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती करून ठेवतं आणि २०१९ पासून फार मोठ्या फोटोची लांब बाजू २५६० पिक्सेलवर (ठिपक्यांवर) आणतं. पण मंडळाची किंवा शाळेची वेबसाइट बऱ्याचदा कुणीतरी हौसेने हाताने बांधलेली असते. तिथे फाइल जशी चढते तशीच उतरते. पानावर ती टपाल तिकिटाएवढी दिसत असली तरी ब्राउझर आधी अख्खी फाइल ओढतो आणि मग ती लहान करून दाखवतो.

हिशोब करून बघा. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. फाइल साधारण ४ एमबीची. मिरवणुकीचे असे १५० फोटो एका पानावर ठेवले तर झाले ६०० एमबी. २० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर ते उतरायला चार मिनिटं लागतात, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी अलका टॉकीज चौकात उभ्या असलेल्या माणसाला २० एमबीपीएस मिळतील ही आशा मोठीच. आता लांब बाजू १६०० पिक्सेल करा आणि जेपेग या फाइल-प्रकाराची क्वालिटी ८० ठेवा. पिक्सेल उरतात १९ लाख, फाइल होते साडेतीनशे केबीच्या आसपास, आणि लॅपटॉपवर पाहणाऱ्याला सहसा फरक कळतही नाही. शिवाय प्रत्येक फोटोचं ३०० पिक्सेलचं थंबनेल, म्हणजे छोटं झलकचित्र, वेगळं केलं, तर ते वीस-पंचवीस केबीत बसतं. दीडशे थंबनेलांचं पान साडेतीन एमबीत उघडतं आणि मोठा फोटो फक्त त्यावर टिचकी मारणाऱ्यालाच उतरवावा लागतो. गॅलरी म्हणजे मुळात हेच आहे, आणि ते एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच घडतं.

यासाठी महागडं काही घ्यावं लागत नाही. विंडोजवर इरफानव्ह्यू आहे, घरगुती वापराला फुकट. त्यात बी हे बटण दाबलं की बॅचची खिडकी उघडते आणि सगळे फोटो एका दमात लहान करून नव्या फोल्डरमध्ये, नव्या नावांनी ठेवता येतात. डिजिकॅम आणि डार्कटेबल ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरं याच्या पुढे जातात. निवडलेल्या फोटोंची थंबनेलांसकट तयार एचटीएमएल गॅलरीच (म्हणजे वेबपानंच) ती बनवून देतात आणि ते फोल्डर उचलून सर्व्हरवर ठेवलं की काम झालं. ही सोय नवीही नाही. फोटोशॉपच्या ५.५ आवृत्तीत १९९९ सालीच वेब फोटो गॅलरी नावाची आज्ञा होती, नंतर गूगलच्या पिकासातही होती.

लहान केलेला फोटो थोडा मऊ पडतो. सागवानी खांबावरची नक्षी, नऊवारीचा काठ, ढोलावरच्या दोऱ्या यांच्या कडा बोथट होतात. म्हणून लहान केल्यावर, आधी नव्हे, हलकं शार्पन करायचं. किती, ते फोटोगणिक बदलतं: दगडी भिंतीला जे चालतं ते चेहऱ्याला चालत नाही. साइट स्वतः लहान करते तेव्हा हा निर्णय तिचा असतो, आणि समोर भिंत आहे की आजी आहेत हे विचारायला ती थांबत नाही.

‘जसेच्या तसे’ म्हणणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. सफारीत तो उघडतो, पण क्रोम आणि फायरफॉक्स तो दाखवत नाहीत, त्यामुळे तसाच चढवलेला फोटो निम्म्या जगाला रिकामा चौकोन म्हणून दिसतो. दुसरं नावाचं. विंडोजला फाइलच्या नावातल्या मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत फरक वाटत नाही, लिनक्सवरच्या सर्व्हरला वाटतो. कॅमेरा एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .JPG) मोठ्या अक्षरांत देतो, पानावर ते लहान अक्षरांत लिहिलेलं असतं. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं छान दिसतं आणि चढवल्यावर एकही फोटो दिसत नाही. बॅच करतानाच नावं लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत. देवनागरी नाव चालतं, पण पत्त्यात त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लिंक पाठवताना तुटते. मराठी हवी ती ओळीत, फोटोच्या खाली.

डीपीआयचं फार बोलायला नको. अप्पा बळवंत चौकातला प्रेसवाला पत्रिकेसाठी ३०० डीपीआय मागतो ते बरोबरच आहे, कारण त्याला इंचात छापायचं असतं. ब्राउझर तो आकडा वाचतच नाही. १६०० पिक्सेलचा फोटो ७२ डीपीआयचा म्हणा नाहीतर ३००चा, स्क्रीनवर तंतोतंत सारखा दिसतो. फाटतो तो पिक्सेल कमी असताना ओढूनताणून मोठा केला म्हणून.

आता खोटेपणाचा आरोप. देखाव्यावरच्या एलईडी रोषणाईत फोन गोंधळतो आणि आरती करणाऱ्यांचे चेहरे जांभळे येतात. तो जांभळा रंग खरा आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा अशी रंगांची जुळणी) ठीक करून मिळालेला माणसाचा रंग खोटा, हे कोणतं तर्कशास्त्र? फोनमधला जेपेग तर फोनने आधीच एडिट केलेला असतो: उजेड ओढलेला, शार्पन केलेला, अंधारात येणारे दाणे पुसलेला. विनाएडिट फोटो असा तिथे नसतोच. रेषा मी ओढतो ती अशी: तिरका फोटो सरळ करणं, कडा छाटणं, उजेड आणि रंग दुरुस्त करणं हे चालेल. वाड्यासमोरची विजेची तार पुसणं चालणार नाही, कारण ती तार तिथे होती आणि नोंद म्हणून फोटो बघणाऱ्याला ती हवी आहे. लग्नाच्या अल्बमला हा नियम लावायची गरज नाही. तिथे तार बेलाशक पुसा.

या भीतीत एक खरा धोका दडलेला आहे, पण तो मेसेजमध्ये नाही. जेपेग हा १९९२ चा प्रकार. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे तपशील टाकून देतो. रंगाचा तपशील तर बहुतेक वेळा उजेडापेक्षाही कमी ठेवतो. तीच फाइल उघडून, बदलून पुन्हा साठवली की पुन्हा थोडं जातं. हे आधी लाल-केशरी कडांवर दिसतं, म्हणजे आपल्याकडे नेमकं गुलालावर, झेंडूच्या तोरणावर आणि भगव्या झेंड्यावर. उपाय सोपा: मूळ फाइलवर कधीच सेव्ह करायचं नाही, प्रतीवर काम करायचं. डार्कटेबल किंवा ॲडोबीच्या लाइटरूममध्ये ही काळजी मिटते, कारण ती मूळ पिक्सेलांना हात न लावता बदलांच्या सूचना वेगळ्या ठेवतात आणि एक्स्पोर्ट करताना त्या लावतात.

गुलाल फिका पडण्याचं दुसरं कारण कॅमेऱ्यातली ॲडोबी आरजीबी ही रंगपट्ट्याची (फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे त्याची) सेटिंग. वेबचा गृहीत धरलेला रंगपट्टा एसआरजीबी आहे, एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडलेला. ॲडोबी आरजीबीतल्या फोटोची प्रोफाइल, म्हणजे रंगपट्टा कोणता ते सांगणारी नोंद, वाटेत गळून पडली, तर ब्राउझर त्याला एसआरजीबी समजतो आणि रंग विटके दिसतात. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करा. शेजारीच ‘असाइन’ असतं, ते नाही. त्याने फक्त लेबल बदलतं आणि विटकेपणा पक्का होतो.

महागात पडणारी सूचना म्हणजे ती हार्ड डिस्क रिकामी करायची. ऑर्कुट या जुन्या सोशल साइटवरचे अल्बम आठवतात? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पिकासाचा कारभार गूगलने २०१६ मध्ये गुंडाळला. फ्लिकर या फोटोंच्या साइटने २०१३ मध्ये फुकट एक टेराबाइट दिला आणि २०१८ मध्ये फुकट खात्यावर १,००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, आणि त्या फुकटच्या काळातही हाय क्वालिटी निवडलेले मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर आणून दाबलेलेच असायचे. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकायचं धोरण गूगलने २०२३ मध्ये आणलं. मंडळाचा अल्बम ज्या कार्यकर्त्याच्या खात्यात आहे तो नोकरीसाठी परदेशी गेला, त्याने तो ईमेल सोडून दिला, की अल्बम कुणाच्या भरवशावर आहे याचा विचार करा. गॅलरी ही दाखवायची प्रत. मूळ फोटो दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

नेटवरचा फोटो सगळ्यांचा नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहतो, आणि पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल तर वेगळा करार नसताना पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. लग्नाच्या फोटोंवरून होणारे वाद याच कलमावरून सुरू होतात. एक्स्पोर्टच्या खिडकीत मेटाडेटाचा (फाइलमध्येच साठवलेल्या माहितीचा) चौकोन असतो, तिथे मालकाचं नाव भरा. तिथूनच जीपीएसचं ठिकाण काढून टाका, विशेषतः घरात, लहान मुलांचे काढलेले फोटो असतील तेव्हा. सरसकट सगळा मेटाडेटा उडवला तर नावही जातं, म्हणून निवडून काढायचं.

‘एवढं करायला वेळ कुणाला आहे?’ हा मेसेजचा न लिहिलेला मुद्दा. लहान करणं, शार्पन करणं, नावं देणं मशीन करतं, तोवर चहा होतो. वेळ जातो तो निवडीत आणि ओळी लिहिण्यात. ‘जुना वाडा, पुणे’ ही ओळ काही सांगत नाही. पेठ कोणती, कोणत्या रस्त्याकडची बाजू, फोटो कोणत्या साली काढला, वाडा अजून उभा आहे की तिथे सोसायटी झाली, एवढं लिहावं, आणि ते मेटाडेटातल्या कॅप्शनच्या रकान्यातही भरावं, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी ओळ बरोबर जाते. निवडीला दोन माणसं बसवा. एक फोटो काढणारा, कारण कुठे काय होतं ते त्याला माहीत. दुसरा तिथे हजरच नसलेला, म्हणजे एकाच आरतीचे अकरा फोटो समोर आल्यावर त्यातले दहा तो न कचरता काढून टाकेल.