‘सह्याद्री केलाय ना, मग बोगाँग किरकोळ’ : या फॉरवर्डची झाडाझडती

ईस्टरच्या किंवा नाताळच्या सुट्या जवळ आल्या की मेलबर्नमधल्या मराठी गटांत एक दावा हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: “ऑस्ट्रेलियातला सगळ्यात उंच डोंगर जेमतेम २२२८ मीटर. कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेल्याला इथलं काहीच जड नाही. व्हिक्टोरियातला बोगाँग शनिवारी सकाळी घरून निघून रविवारी संध्याकाळी परत, असा आरामात होतो. उन्हाळ्यात थंडी नसते. वर झोपडी आहे, वाटभर दिशा दाखवणारे खांब आहेत, झऱ्यांना पाणी आहे. तंबूचं ओझं कशाला?”

यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धे खरे आहे, आणि पंचाईत तिथेच होते. पूर्ण खोटे असते तर कुणी फसले नसते.

आधी फेरी समजून घेऊ. टवाँगा गावाजवळच्या माउंटन क्रीकच्या तळावरून स्टेअरकेस स्परने चढायचे. स्पर म्हणजे आपली सोंड. १९८६ मीटरच्या माथ्यावरून उघड्या धारेने पूर्वेकडे क्लीव्ह कोल हटपाशी मुक्काम. दुसऱ्या दिवशी त्याच धारेने थोडे मागे येऊन एस्कडेल स्परने कॅम्प क्रीक गॅप या खिंडीत उतरायचे आणि गाडीरस्त्याने परत माउंटन क्रीक. सगळे मिळून पंचवीस किलोमीटरच्या आसपास.

“उंची जेमतेम, म्हणजे टेकडीच”

पायांना समुद्रसपाटीशी देणेघेणे नसते, पायथ्याशी असते. कळसूबाई १६४६ मीटर, पण बारी गाव आधीच उंचावर आहे. चढ उरतो आठशे-साडेआठशे मीटर. माउंटन क्रीकचा तळ साधारण ६०० मीटरवर आहे. म्हणजे बोगाँगचा चढ १४०० मीटरच्या घरात जातो, आणि तो जवळपास एका दमात. स्टेअरकेसचे नावच जिना: खडी चढण, थोडी सपाटी, पुन्हा खडी चढण. प्रत्येक सपाटीवर ‘आला माथा’ वाटते आणि झाडीतून पुढचा टप्पा डोके काढतो.

दुसरा फरक पाठीवरचा. कळसूबाईला पाच-सहा किलोची सॅक पुरते, कारण बारीत घरगुती जेवण मिळते आणि वाटेत लिंबू सरबतवाला बसलेला असतो. बोगाँगवर माणूस भेटेलच असे नाही. एका मुक्कामाचा माणशी हिशेब मांडून बघा: रिकामी सॅक १.८ किलो, दोघांच्या तंबूतला आपला वाटा ०.९, स्लीपिंग बॅग १.२, मॅट ०.५, स्टोव्ह-गॅस-भांडे ०.५, दोन दिवसांचे खाणे १.५, पाणी ३, उबदार व पावसाळी कपडे १.८, प्रथमोपचार आणि बीकन (मदतीचा संदेश पाठवणारे यंत्र) ०.६. झाले ११.८ किलो. हेडलॅम्प, पॉवर बँक, जादा मोजे धरले की साडेबारा.

आता वेळ. डोंगरातल्या चालीची वेळ काढायचा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा जुना ठोकताळा असा: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. तळापासून माथा आठ किलोमीटर धरला तर १.६ तास अधिक २.३ तास, म्हणजे चार तास. पण हा हिशेब हलक्या पाठीच्या आणि न थांबणाऱ्या माणसाचा. साडेबारा किलो आणि चार-पाच जणांचा गट असेल तर त्यात निम्मी भर घालावी. सहा तास झाले, आणि क्लीव्ह कोल अजून दीड तास पुढे आहे.

“शनिवारी सकाळी घरून निघा”

मेलबर्नहून तळ सुमारे साडेतीनशे किलोमीटर. सहाला निघालात, वाटेत कॉफी झाली, तर साडेदहाला पोहोचाल आणि सॅक आवरून अकराला चालायला लागाल. माथ्यावर पाच, हटपाशी साडेसहा. जानेवारीत चालून जाईल, कारण सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. ईस्टरला हेच गणित फसते: एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि महिन्याच्या मध्यावर पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. म्हणजे शेवटचा, सगळ्यात उघडा आणि झाडाचे नाव नसलेला पट्टा अंधारात चालायचा. उपाय साधा आहे. शुक्रवारी रात्री माउंटन क्रीकला तंबू ठोका आणि शनिवारी साडेसातला चाल सुरू करा. ईस्टरला दुपारी दोनपर्यंत माथ्याची धार गाठली नसेल तर परत फिरा, हे खालीच ठरवा. वर गेल्यावर अशी चर्चा कधीच प्रामाणिक होत नाही.

“उन्हाळ्यात थंडी नसते”

दरीत नसते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे खाली ३० असेल तर वर २१. हे झाले चांगल्या दिवसाचे. खरा घोळ शीतआघाडीचा, म्हणजे पुढे सरकत येणाऱ्या थंड हवेच्या कडेचा. ती यायच्या आधी उत्तर-वायव्येकडून गरम, कोरडा वारा वाहतो. हवा इतकी छान असते की लोक जॅकेट गाडीतच ठेवतात. मग वारा नैऋत्येला फिरतो, ढग धारेवर बसतात आणि पारा तासाभरात दहा-पंधरा अंश कोसळतो. या पर्वतांत वर्षाच्या कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतो, ऐन नाताळातही. हवा ५ अंश आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे एकसारखे लागते. त्यात अंग भिजलेले असले तर विचारूच नका.

आपल्याकडच्या पावसाळी ट्रेकची सवय इथे उलटते. सह्याद्रीत पावसात भिजणे ही मजा असते, कारण तो पाऊस कोमट. तिथला सुती टी-शर्ट आणि ट्रॅकपँट इथे अंगातली ऊब शोषून घेतात. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, शिवाय थांबल्यावर घालायला डाऊन (पिसे भरलेले) किंवा सिंथेटिक जॅकेट. सगळ्यावर शिवणी सीलबंद असलेला, टोपीचा रेनकोट आणि पावसाळी पँट. ‘विंडचीटर’ म्हणून विकले जाते ते यातले काहीच नव्हे. टोपी-हातमोजे जानेवारीतही. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे छापलेले असतात. त्यातला ‘कम्फर्ट’चा बघा, तो शून्य किंवा त्याखाली हवा. ‘लिमिट’चा आकडा म्हणजे कुडकुडत काढलेली रात्र.

अंदाज बघताना मेलबर्नचा किंवा माउंट ब्यूटी गावाचा बघू नका. हवामान खात्याच्या नकाशावर बोगाँगच्या माथ्यावर बोट ठेवून वाऱ्याचा वेग आणि दिशा कधी बदलते ते बघा. रविवारी दुपारी वारा नैऋत्येला फिरणार असेल तर सकाळी सातलाच हट सोडा.

जून ते सप्टेंबर हा विषयच वेगळा. २०१४ च्या जुलैत बोगाँगवर हिमस्खलनात दोन स्नोबोर्डर दगावले. ‘ऑस्ट्रेलियात कुठला आलाय ॲव्हलांच’ असे म्हणणाऱ्यांना एवढे पुरे.

“वर झोपडी आहे, तंबू कशाला”

वाटेत स्टेअरकेसवर बिव्हूॲक हट, एस्कडेलवर मिशेल हट आणि वर क्लीव्ह कोल. तिन्ही आहेत, पण आणीबाणीचा आसरा म्हणून. बुकिंग नाही, राखणदार नाही, जागा मिळेल याची हमी नाही. लांब सुटीत आत कुणी आजारी, भिजलेला माणूस असेल तर तुमचा हक्क संपला. आणि जिथे तंबूची खरी गरज पडते ती जागा हटच्या दारात नसते; ती एखादा पाय मुरगळून बसलेला असतो तिथे, धारेवर असते.

क्लीव्ह कोल हे नाव कुठून आले हेही या फॉरवर्डवाल्यांनी वाचावे. १९३६ च्या हिवाळ्यात हिमवादळात सापडून ज्याचा अंत झाला त्या स्कीपटूचे ते स्मारक आहे.

तंबू ठोकताना वर बघा. २००३ च्या वणव्यांनी या पर्वतरांगांतली विस्तीर्ण झाडी जळली, आणि पांढरी पडलेली मेलेली झाडे कित्येक ठिकाणी अजून उभी आहेत. वाऱ्याच्या रात्री त्यांच्या फांद्या तुटून पडतात.

“खांब आहेत, शिवाय फोनवर नकाशा”

खांब आहेत, ते फार उपयोगी आहेत, आणि दाट धुक्यात पुढचा खांब दिसत नाही. तेव्हा एकाने खांबाला धरून उभे राहायचे, दुसऱ्याने हाकेच्या अंतरात पुढचा शोधायचा, सापडला की शिट्टी. वेळखाऊ आहे, पण याला पर्याय नाही. बोगाँगचा माथा रुंद आणि बोडका आहे; सोंडा त्यावरून बोटांसारख्या खाली जातात. हटकडून परतताना एस्कडेलचा फाटा आधी लागतो, स्टेअरकेसचा नंतर. पहिला हुकून दुसऱ्याने उतरलात तर फारसे बिघडत नाही, तळ तोच. दोन्हींच्या मधल्या नाळेत, म्हणजे घळीत, शिरलात तर मात्र पुढे कडे आणि छातीएवढी झुडपे. फाट्यांचे अक्षांश-रेखांश आदल्या दिवशीच फोनमध्ये आणि कागदावर उतरवून ठेवा.

थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते आणि ओल्या हातमोज्याला स्क्रीन दाद देत नाही. म्हणून १:२५,००० चा छापील नकाशा आणि होकायंत्र. इथे आपल्या माणसांची एक खास चूक होते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे तो कुणी शिकवतही नाही. बोगाँगला तो सुमारे १२ अंश पूर्वेला आहे. दुरुस्ती न करता एक किलोमीटर चाललात तर दोनशे मीटर बाजूला जाता; धुक्यात तेवढ्यात चुकीची नाळ पदरात पडते. नकाशावर खऱ्या उत्तरेपासून मोजलेल्या कोनातून १२ वजा करा, मग होकायंत्रावर लावा. भारतातून आणलेले होकायंत्र शक्यतो वापरू नका. त्याची सुई त्या पट्ट्यासाठी तोललेली असते, इथे एका बाजूने खाली झुकून तबकडीला घासते. आणि दुपारचा सूर्य इथे उत्तरेला असतो. ‘ऊन ज्या बाजूला ती दक्षिण’ ही आपली जन्माची सवय नेमकी उलट दिशा दाखवते.

फोनला रेंज धारेवर कधी मिळते, दऱ्यांत जाते. त्यामुळे गटात किमान एक पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारा बीकन, हवा: ४०६ मेगाहर्ट्झचा, आणि ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ॲथॉरिटीकडे नोंदवलेला. नोंदणी फुकट असते, मित्राचा उसना आणलात तर तुमची माहिती त्यात घालायला सांगा. अँटेना पूर्ण उघडून, आकाश मोकळे दिसेल अशा जागी ठेवायचा आणि एकदा लावला की बंद करायचा नाही. रेंज असेल तर आधी ००० या इथल्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन.

“झऱ्यांना पाणी असते”

स्टेअरकेसवर भरवशाचे पाणी नाही. माउंटन क्रीकलाच माणशी तीन लिटर भरा, तापलेल्या दिवशी चार. हटजवळ पाणी मिळते. खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. पाणी गार असेल तर जास्त.

स्वयंपाकाचे एवढेच: टोटल फायर बॅनच्या (वणव्याच्या धोक्यामुळे आग पेटवायला बंदी असलेल्या) दिवशी शेकोटी बंद आणि स्टोव्हवरही निर्बंध, म्हणून एका दिवसाचे न शिजवता खाता येईल असे जवळ ठेवा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर. वणव्याच्या धोक्याची सर्वात वरची पातळी, ‘कॅटॅस्ट्रॉफिक’, जाहीर झाली तर त्या जिल्ह्यातली राष्ट्रीय उद्याने बंदच असतात. व्हिक्टोरियातल्या आपत्तीच्या सूचना देणारे व्हिकइमर्जन्सी ॲप निघायच्या आदल्या संध्याकाळी बघा.

“रविवारी उतरायचंच तर आहे”

एस्कडेलचा वरचा भाग दगडाळ आणि तीव्र आहे. काल चढलेले १४०० मीटर आज गुडघ्यांवरून उतरायचे आहेत. दोन काठ्या घ्या, उतारावर त्या हातभर लांब न करता चार-पाच बोटे वाढवा, आणि सकाळीच बुटांच्या वरच्या भागाची नाडी घट्ट करा. नाहीतर अंगठ्याची नखे काळी होतात. खिंडीनंतरचा गाडीरस्ता कंटाळवाणा आहे, मुरगळणारे पाय बहुतेक तिथेच मुरगळतात. माउंटन क्रीकचा प्रवाह वाटेत ओलांडावा लागतो. रात्री पाऊस झाला असेल तर तो शनिवारचा राहिलेला नसतो, आणि ऑक्टोबरात बर्फ वितळत असताना दुपारी तो सकाळपेक्षा जास्त फुगतो.

तळावर पोहोचायला तीन-चार वाजतात. पुढे साडेतीनशे किलोमीटर गाडी, थकलेला चालक, आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येणारे कांगारू-वोम्बॅट. सोमवारची रजा टाका आणि रात्र माउंट ब्यूटीत काढा. घरच्या ज्या माणसाला परतीची वेळ सांगून आलात, त्याला तिथूनच फोन करा.