आपल्या एक-तारा अभिप्रायास उत्तर : १०,९५,००० ची गाडी आम्ही ६,१०,००० ला का मागितली

सप्रेम नमस्कार.

आपण गेल्या आठवड्यात आमच्या नाशिकच्या मुंबई नाक्यावरील जुन्या गाड्यांच्या दालनास एक तारा देऊन जे लिहिले, त्याचा आशय असा : २०२२ च्या दसऱ्याला १०,९५,००० रुपयांना घेतलेल्या पेट्रोल गाडीचे आम्ही नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ ६,१०,००० देऊ केले, जुलैत एका संकेतस्थळाने त्याच गाडीचे ७,४०,००० दाखवले होते, तशीच गाडी आमच्या आवारात ६,९५,००० च्या पाटीसह उभी आहे, आपली गाडी ‘अपघाती’ ठरवून तिला नावे ठेवली, आणि वर ‘साहेब, लीजवरच घ्यायची होती’ (म्हणजे विकत न घेता ठरावीक वर्षांसाठी मासिक भाड्याने) असा न मागितलेला सल्लाही दिला.

गाडी अपघाती ठरवण्याबाबत आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. तपासणीचा कागद आणि छायाचित्रे मी स्वतः पुन्हा पाहिली. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने उजव्या पुढच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) २९० मायक्रॉन दाखवले आहेत आणि बाकीच्या पत्र्यांवर ११० ते १३०, म्हणजे तो फेंडर पुन्हा रंगवलेला आहे यात शंका नाही. परंतु फेंडरच्या बोल्टांना कधी पाना लागलेला नाही (पाना लागला की बोल्टच्या कडांचा रंग उडतोच), आतला एप्रन (फेंडरमागचा सांगाड्याचा पत्रा) सरळ आहे आणि पिलरवरचे (छत पेलणाऱ्या खांबांवरचे) कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके जसेच्या तसे आहेत. पार्किंगमध्ये घासल्यावर केलेल्या टचअपला अपघात म्हणत नाहीत. आमच्या तपासनिसाने चुकीच्या रकान्यात खूण केली आणि १५,००० वजा केले; त्याऐवजी ५,००० पुरेसे होते. त्याच कागदावर चारही टायर झिजल्याचे धरून १८,००० कापले आहेत. छायाचित्रात मात्र पुढच्या दोन टायरांवर ‘२२२५’ हा आकडा स्पष्ट वाचता येतो, म्हणजे ते २०२५ च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. तेथेही ९,००० जास्त कापले गेले. या दोन चुकांचे १९,००० मिळवल्यावर आमचा भाव ६,२९,००० होतो. या चुकांबद्दल, आणि त्याहून अधिक ‘अपघाती’ या शब्दाबद्दल, मी आपली क्षमा मागतो.

मात्र भावाच्या मूळ हिशेबाविषयी आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही. १०,९५,००० हा गाडीचा भाव कधीच नव्हता. आपल्या बिलावर एक्स-शोरूम किंमत ९,२०,००० आहे. त्यावर ११ टक्क्यांप्रमाणे १,०१,२०० रुपये रस्ता कर, ४२,००० विमा आणि उरलेले ३१,८०० सीट कव्हर, वाढीव वॉरंटी व किरकोळ शुल्क. त्या विम्याची मुदत संपली, रस्ता कर सरकारजमा झाला आणि सीट कव्हरचे पैसे जुन्या बाजारात कोणी मोजत नाही. त्यामुळे घसारा मोजायचा तो ९,२०,००० पासून. तेथून ६,२९,००० पर्यंतची घट २,९१,००० ची, म्हणजे तीन वर्षांत सुमारे ३२ टक्के होते. विमा कंपन्यांच्या प्रचलित घसारा कोष्टकात तीन ते चार वर्षे वयाच्या गाडीचे विमामूल्य काढताना नव्या गाडीच्या किमतीतून ४० टक्के वजा होतात. त्या मानाने आपल्या गाडीने भाव चांगला टिकवला आहे, आणि त्याचे श्रेय आपण वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसिंगला आहे.

जुलैचा ७,४०,००० चा आकडा खोटा नसावा, पण जुलै आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये २२ सप्टेंबर २०२५ येऊन गेला. त्या दिवसापासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सप्टेंबरच्या आरंभी ९,८०,००० ला मिळणारे आपलेच मॉडेल आता सुमारे ८,९६,००० ला मिळते, म्हणजे आपण तीन वर्षांपूर्वी मोजलेल्या किमतीपेक्षाही कमी. नवी गाडी ८४ हजारांनी उतरल्यावर जुनीला जुलैचा भाव कोण देणार? खुद्द आमच्या आवारात त्या दिवशी अकरा गाड्या जुन्या भावाने घेतलेल्या उभ्या होत्या, त्यांचा तोटा आम्हीच सोसला. त्यातच दसरा-दिवाळीला नवी गाडी घेणारे जुनी विकायला काढतात आणि नोव्हेंबरात बाजारात माल वाढतो.

आवारातल्या ६,९५,००० च्या गाडीविषयी थोडक्यात सांगतो. खरेदी-विक्रीतील फरकावर आम्हाला १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. उरलेल्यातून डेंटिंग-पेंटिंग, नावावर करण्याचा खर्च, सहा महिन्यांची वॉरंटी आणि गाडी विकेपर्यंत अडकलेल्या पैशाचे व्याज निघते. त्यानंतर आमचा नफा राहतो, तो राहावा यासाठीच आम्ही दुकान उघडले आहे. हा कर आपल्यासारख्या खासगी विक्रेत्याला लागू नाही, हेही सांगतो, कारण गैरसमज बराच पसरलेला आहे.

आता लीज. तो सल्ला आपल्याला देण्याचे काहीच कारण नव्हते आणि माझ्या मते तो आपल्यासाठी चुकीचाही होता. लीजवर घेतली म्हणून गाडीचा घसारा टळत नाही. लीज देणारी कंपनी तो आधीच अंदाजून मासिक भाड्यात घालते आणि त्यावर व्याज व जीएसटी लावते. आपल्या कर्जाचे आकडे येथे जाहीरपणे लिहिणे योग्य नाही, म्हणून उदाहरण घेतो. सात लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत असेल तर पहिल्या तीन वर्षांत व्याज सुमारे १,४१,००० होते. त्यात आपली ऑन-रोड (कर-विम्यासह) किंमत आणि विक्रीचा भाव यांतला ४,६६,००० चा फरक, दोन वेळा नूतनीकरण केलेल्या विम्याचे ५०,००० आणि सर्व्हिसिंगचे ४५,००० मिळवले, तर तीन वर्षांचा खर्च सात लाखांच्या थोडा वर जातो. विमा व देखभालीसह मासिक भाडे २२,००० धरले तर ३६ महिन्यांचे ७,९२,००० होतात. सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीतील अधिकाऱ्याला त्या कंपनीमार्फत लीज मिळत असेल आणि करात सवलत पडत असेल, तर ही तफावत भरून निघू शकते. पण आपली गाडी द्राक्षांच्या हंगामात रोज पिंपळगाव-दिंडोरी करते, मीटरवर ६६,००० किलोमीटर आहेत, आणि लीजच्या करारात किलोमीटरची मर्यादा असते. ती ओलांडली की दर किलोमीटरला जादा आकार. शिवाय तो रंगवलेला फेंडर गाडी परत करताना आपल्याच नावे निघाला असता.

नाशिकरोडचे एक ओळखीचे गृहस्थ ६,६०,००० देत असल्याचे आपण लिहिले आहे. तो भाव आमच्यापेक्षा चांगला आहे, गाडी त्यांना जरूर द्या. फक्त मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या करून किल्ली दिली म्हणजे काम झाले असे समजू नका. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) त्यांचे नाव चढेपर्यंत अपघाताची भरपाई आपल्या गळ्यात येऊ शकते. तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत हस्तांतरण पूर्ण झाल्याचे स्वतः तपासा. बँकेचे एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन कर्जाचा बोजा आधी उतरवावा लागेल. आणि नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसून आपला असतो : विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले की नव्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो.

तो व्यवहार जमला नाही तर ६,२९,००० चा आमचा भाव ३० नोव्हेंबरपर्यंत कायम आहे. पुन्हा तपासणी हवी असल्यास ती मी आपल्यासमोर करीन. येताना पुढच्या टायरांचे बिल तेवढे आणावे. दिलेला तारा बदलावा अशी माझी विनंती नाही.

आपला विश्वासू,
दालनाचा मालक