पोतोसीचा डोंगर वाचवायचा असेल, तर आधी खाणकामगारांचा विचार करा

बोलिव्हियातल्या पोतोसीचा वारसा म्हटलं की सगळे तिथली चर्च आणि जुनी टांकसाळ दाखवतात. टांकसाळ भव्य आहे, वादच नाही. खेचरांकडून फिरवून घ्यायची लाकडी यंत्रं तिथे आजही उभी आहेत. पण या शहराचा खरा वारसा म्हणजे त्याच्या डोक्यावरचा सेरो रिको डोंगर, आणि तो ज्यांनी खोदला ती माणसं.

१५४५ मध्ये इथे चांदी सापडली. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर, जिथे धड पीक येत नाही, तिथे शंभर वर्षांच्या आत लाखावर वस्तीचं शहर झालं. १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाच्या वतीने इथे राज्य करणाऱ्या व्हाइसरॉय तोलेदोने 'मिता' लादली. स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या काळी गावं पाळीपाळीने राज्याची कामं करत. तोलेदोने त्याची वेठबिगारी केली. वर्षाला सुमारे १३ हजार पुरुष दूरदूरच्या प्रांतांतून इथे आणले जात. चांदी वेगळी करायला कुटलेल्या खनिजात पारा कालवायचा, मग तापवून तो उडवायचा. ती विषारी वाफ कामगारांच्याच छातीत जायची. अमेरिकेतली ही चांदी पार सुरतेपर्यंत यायची, तिथल्या टांकसाळीत रिआल ही स्पॅनिश नाणी वितळवून मुघल रुपये पडायचे. त्या सुबत्तेची किंमत कुणी मोजली, हे आपणही विसरू नये.

युनेस्कोने पोतोसीला १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरवलं आणि २०१४ मध्ये धोक्यातल्या यादीत टाकलं. शतकानुशतकं पोखरलेला डोंगर माथ्यापासून खचतोय. वरच्या भागात खोदायला मनाई आहे, तरी खोदकाम थांबत नाही.

"मग खाणी बंद करा" असं लांबून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. १९८५ मध्ये कथलाचे भाव कोसळले, सरकारी खाणींतून हजारोंना काढलं, तेव्हा कितीतरी जणांना सहकारी संस्थांमधून याच डोंगरात परतावं लागलं. आजही भूक-थकवा मारणारी कोकाची पानं चघळत माणसं आत उतरतात, 'एल तिओ' या पाताळाच्या धन्याला दारू-सिगारेट वाहतात आणि सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, अकाली जातात. टाकाऊ दगडांतून खनिज वेचणाऱ्या बायकांना तिथे 'पायिरी' म्हणतात. चर्चच्या दगडांना संरक्षण मिळतं, तसं यांना का नाही?

माथा जरूर बुजवा, बंदीही काटेकोर पाळा. पण ज्यांचं काम त्यामुळे जाईल, त्यांना दुसरा रोजगार आणि आजाऱ्यांना उपचार-पेन्शन हे त्याच आराखड्यात, त्याच खर्चात धरा.