प्रश्न सरपंचबाईंनाच विचारा

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही दोन ओळींत उरकत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात सरपंचपदासाठी उभ्या राहिलेल्या बाईंबद्दल प्रचारात काय काय बोललं गेलं, ते मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की चिखलफेक पुरुषांवरही होते, बायकांनी कातडी जाड करावी. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा असेल तर नवऱ्याचा विषय निघणारच. मुलं लहान असताना उभं राहायला सांगितलं कुणी? आणि समाजवादी नेत्या मृणालताई गोऱ्यांनी कधी बाईपणाची ढाल पुढे केली नव्हती.

चिखलफेक पुरुषांवरही होते, मान्य. आमच्याकडे त्याच निवडणुकीत समोरच्या उमेदवाराला 'ठेकेदाराचा माणूस' म्हणत होते. पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, कामात सिमेंट किती आणि वाळू किती, साकवाचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा) कठडा पहिल्याच पावसात का गेला, हे टपरीवर रोज चघळलं जायचं. आरोप खरे की खोटे ते सोडा, पण ते कामाबद्दल होते. त्याने बिलं दाखवली, मोजमापाची वही दाखवली, विषय संपला. बाईंबद्दल काय होतं? रात्री दहाला कुणाच्या गाडीतून उतरली. ड्रेस घालून मतं मागायला फिरते. सासू आजारी आणि ही माईकवर. याची बिलं तिने कुठून आणायची?

माझा खरा राग तर वेगळ्याच गोष्टीचा आहे. याआधी त्या पाच वर्षं सदस्य होत्या. त्यांच्याच वाडीतली नळपाणी योजना तेव्हा अर्धवट राहिली. टाकी रंग देऊन उभी, आणि मार्च उजाडला की बायका कळश्या घेऊन विहिरीवर. विरोधकांच्या हातात आयता मुद्दा होता. तो कुणी उचललाच नाही, कारण गाडीची गोष्ट जास्त चवीची. म्हणजे ज्या एका प्रश्नावर त्यांना खरोखर घाम फुटला असता, तो त्यांना संपूर्ण प्रचारात एकदाही ऐकावा लागला नाही. तेव्हा टीका सौम्य करा असं मी म्हणतच नाहीये. मला तर ती आणखी कडक हवी होती.

निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही तेच सांगते: टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर, मागच्या कामगिरीवर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खासगी आयुष्य त्यात ओढू नका. आता हे पाळतं कोण, तो भाग निराळा. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ममता बॅनर्जींबद्दल बोलले म्हणून भाजपच्या दिलीप घोषांना आणि कंगना राणावतबद्दल खात्यावरून गेलेल्या पोस्टसाठी काँग्रेसच्या सुप्रिया श्रीनेत यांना आयोगाने एकाच वेळी फटकारलं. हेमा मालिनींबद्दलच्या वक्तव्यावरून रणदीप सुरजेवालांना ४८ तास प्रचारबंदी झाली. पक्ष कुठलाही घ्या. आणि 'बायकाच बायकांच्या शत्रू' असं तुम्ही कंसात लिहिलंय, त्याचंही उत्तर या यादीत आहे: ठपका ठेवताना बोलणारा पुरुष आहे की बाई, हे आयोगाने पाहिलं नाही. मीही पाहत नाही.

आता नवऱ्याचा विषय. सरपंचपती हा प्रकार आहे, आणि तो वाईट आहे, यात तुमचं-माझं दुमत नाही. पंचायतींत महिलांना आरक्षण देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, आपल्या राज्याने २०११ मध्ये महिलांचं आरक्षण निम्म्यावर नेलं, आणि तरीही कितीतरी ग्रामपंचायतींत खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून नवरा बसलेला दिसतो. पण त्याला तिथे बसवलं कोणी? त्या निवडणुकीचं पत्रक मी जपून ठेवलंय. वर ग्रामदेवतेचं नाव, खाली हात जोडलेल्या बाईंचा फोटो, बाजूला त्याच मापाचा नवऱ्याचा फोटो, 'सौ.'पासून सुरू होणारं लांबलचक नाव, आणि तळाला संपर्कासाठी दोन मोबाईल नंबर. एक नवऱ्याचा, एक दिराचा. समोरच्याच्या पत्रकावर बायकोचा फोटो नव्हता, हे सांगायलाच नको.

त्याआधी देवळाच्या सभामंडपात वाडीची बैठक झाली होती. पुरुष खांबांना टेकून मध्ये, बायका पायऱ्यांवर. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचे दोन पदाधिकारी मुद्दाम रातराणीने आले होते, कारण मतदानाला मुंबईहून गाड्या सोडायच्या तर चाकरमान्यांचा शब्द लागतोच. बाईंचं नाव निघालं तसा एक म्हातारा तिच्याकडे वळून म्हणाला, "घोवाक इचारलंस काय गो?" ती काही बोलायच्या आत नवऱ्यानेच मान डोलावली आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. तीच माणसं आता म्हणतात, कारभार नवरा बघतो! दाखला हवा असला की फोन त्यालाच, रस्त्यावर दगड पडला तरी फोन त्यालाच. तुम्हीसुद्धा गेल्या गणपतीत दिवाबत्तीसाठी कुणाला फोन केलात, ते तुमच्याच प्रतिक्रियेत लिहिलंय. नवऱ्याने तो घेतला, ही तुमची तक्रार. केला कोणी?

मुलांबद्दल फार लिहीत नाही. समोरच्या उमेदवाराची मुलंही प्राथमिक शाळेतच होती. ती कुणाजवळ असतात, हे त्याला एकाही घरात विचारलं गेलं नाही.

मृणालताईंचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. १९५८ साली त्यांचे पती बंडू गोरे गेले तेव्हा मुलगी लहान होती. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. म्हणजे तुमचा तिसरा मुद्दा तुमच्याच चौथ्या मुद्द्याने खोडून काढलाय. पुढे १९७२ला आमदार, १९७७ला खासदार. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे, कारण पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर उतरवणं हे त्यांचं काम होतं. आणि नेमका पाण्याचाच प्रश्न आमच्या गावच्या बाईंना विचारायला सगळे विसरले.

तुम्ही ज्याला जाता जाता हात लावलाय, 'ती मुळात आपल्या गावची तरी आहे का', तो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोकणात सून बाहेरची आणि मुलगी लग्न होऊन गेली की दुसऱ्याची. मग गावची बाई म्हणायचं कुणाला? राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला माहेरचा, वडिलांच्या बाजूचा. तो माहेरच्या नावाने, मतदार यादीत नाव सासरचं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. जात पडताळणीसाठी ती दुसऱ्या तालुक्यात हेलपाटे घालते आणि छाननीच्या दिवशी समोरचा वकील नावातल्या फरकावर बोट ठेवतो. पुरुषाचं नाव जन्मापासून एकच, त्याच्या फायलीला हे दुखणंच नाही. बरं, २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ आणि रत्नागिरीत ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईला, गाव बायकांवर. नांगरणीचे गडी बघायचे, कोर्टाच्या तारखा सांभाळायच्या, बँकेत जायचं, भावकीशी भांडायचं, हे सगळं ज्या करतात त्या पंचायतीत गेल्या की 'हिला काय समजतंय'!

राहता राहिली तुमची सूचना, की बाईंचं नाव छापा म्हणजे लोकांना कळेल. नाही छापणार. त्या निवडून आल्या आहेत, तुमच्या ओळखीच्या आहेत. १ मेच्या ग्रामसभेला तुम्ही गावी असालच, आंबे उतरवायला दरवर्षी येता. योजनेची टाकी कोरडी का, ठेकेदाराला शेवटचा हप्ता दिला की अडवला, ग्रामसभेआधी महिला सभा घेतली का, घेतली असेल तर तिचं इतिवृत्त कुठे आहे, हे सगळं उभे राहून विचारा. नवरा उत्तर द्यायला उठला तर त्याला बसायला सांगा. मी मागच्याच रांगेत असेन, दुजोरा देते.