बाई सांगेल तिकडं गाडी घाल

गाडीवाल्या भावा, गाडी दहा चाकी असो नाहीतर चौदा, आत साखर असो नाहीतर कास्टिंग, फोनच्या नकाशातली बाई रस्ता सांगायला लागली की सगळ्यात आधी काच वर कर. खाली ठेवलीस की टपरीवाल्याला रस्ता विचारायची बुद्धी होते. मग तो म्हणणार, "हिकडनं नगो पाव्हणं, गाडी मोठी हाय, फिरून जावा." त्याला काय कळतंय? जन्म त्या चौकात गेला, एवढीच त्याची लायकी. तुझ्या फोनला वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचा सिग्नल येतो, आणि तोही एकाचा नाही, निदान चौघांचा. ते चौघं मिळून फक्त तू कुठं उभा आहेस तेवढं सांगतात. पुढचा रस्ता किती रुंद आहे हे त्यांना ठाऊक नाही, पण असल्या बारीक गोष्टीत आपण शिरायचं नाही.

फोनमध्ये गाडीचा प्रकार निवडायला मोटार आहे आणि दुचाकी आहे. ट्रक शोधत बसू नकोस. बिनधास्त मोटार निवड. तुझी दहा चाकी 8.5 फूट रुंद असेल, भरल्यावर 28.5 टन होत असेल, पण फोनच्या लेखी तू बायकापोरांना घेऊन जोतिबाला निघालायस. त्याला तसंच वाटू दे.

कोल्हापूर शहरात बाई रेल्वेच्या परीख पुलाखालून जा म्हणाली तर जा. उंची मोजत बसायची गरज नाही, पूल स्वतःच सांगतो.

पापाची तिकटी, गंगावेश, महाद्वार रोड, सगळी गर्दीची ठिकाणं. म्हणेल तिथं घाल.

टोल टाळायचं बटण कायम चालू ठेव. किणीचा टोल वाचतो आणि गावागावातली कमान, वीजवाहिनी, लग्नाचा मांडव अशी प्रेक्षणीय स्थळं जवळून बघता येतात. ऊसाचा सीझन असेल तर सोन्याहून पिवळं. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो, मागं एक लाल दिवा नाही, वर गाण्यांचा दणका. दोघांतलं मागं कुणी जायचं ते बाई सांगत नाही.

पावसाळ्यात तर फोनशिवाय कुणाचंच ऐकू नकोस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर धोका, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं. पण गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीत रस्त्यावर पाणी असलं तरी नकाशातली निळी रेघ कोरडीच असते. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, ट्रकांच्या रांगा लागल्या, आसपासच्या लोकांनी ड्रायव्हर-क्लीनरांना जेवण नेऊन दिलं. म्हणजे अडकलास तरी उपाशी मरणार नाहीस. अजून काय पाहिजे?

दाजीपूरजवळ रात्री रस्त्यात गवा उभा असला तर हॉर्न दे. नकाशात नाही म्हणजे तो तिथं नाहीच.

आता घाट. इथं मात्र नीट लक्ष दे. गगनबावड्यात दोन रस्ते फुटतात. एक करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणच्या अंगाला. 2024 ला करूळ कामासाठी बंद केला, तेव्हा मोठ्या गाड्यांना लांबून फोंडा घाटानं जायला सांगितलं. शेजारी भुईबावडा उघडा असताना! का, ते हा घाट एकदा उतरलेल्या कुठल्याही माणसाला विचार. नको, विचारू नकोस, काच वर आहे ना तुझी. बाई म्हणते उजवीकडं भुईबावड्याला वळा, किलोमीटर कमी पडतात. वळ. रात्री वळ, धुक्यात वळ, चौदा चाकी घेऊन वळ, आणि अर्ध्या घाटात एका वळणावर तोंड डोंगराला आणि शेपूट दरीवर अशी गाडी आडवी घालून निवांत उभा राहा. कारण मागं कोण येतंय? मी येतोय. टेम्पोत कोथिंबीर, मेथी आणि टोमॅटो घेऊन, खारेपाटणात उजाडायच्या आत पोचायचं म्हणून. माझ्यामागं एक वडापची जीप, त्याच्यामागं एसटी, त्यात कडेवर पोरं घेतलेल्या बाया. गेल्या आठवड्याची ही गोष्ट. सगळी रात्र आम्ही "येऊ दे, येऊ दे, बास, बास" ओरडत काढली. क्लीनर चाकामागं दगड लावायचा, गाडी हातभर मागं यायची, दगड काढायचा, पुन्हा लावायचा. क्लचचा वास खाली दरीत उतरला असेल. आणि त्या फोनमधली बाई, देवाशप्पथ सांगतो, दर थोड्या वेळानं म्हणत होती, तुम्ही सर्वात जलद मार्गावर आहात.

एसटीचा कंडक्टर त्या ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेला. मीही गेलोच असतो. पण केबिनमध्ये बघितलं तर विशीतलं पोरगं, परमुलखातलं, हात थरथरत होते. आणि त्याचा फोन वाजत होता. नकाशाला रेंज नव्हती, शेटला होती. "गाडी रुकी क्यूं है? टाईम पे पहुंचना है." पोरगं एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं फोन कानाला लावतंय, खाली क्लीनर चाकाजवळ वाकलाय. त्यानं मला नंतर सांगितलं, गगनबावड्यात चहावाल्यानं त्याला अडवलं होतं. फोंड्यानं जा म्हणाला होता. मग का नाही गेलास? तर म्हणे, शेट फोनमधले किलोमीटर मोजून डिझेलचे पैसे देतो, जास्त फिरलं तर पगारातनं कापतो.

मग आता गंमत पुरे. शेट, हे तुम्हाला सांगतोय. ऑफिसात बसून निळी रेघ बघायची, त्या रेघेचा हिशोब करायचा आणि 28 टन घेऊन घाटात उतरणाऱ्या पोराच्या हातात तेवढेच पैसे टेकवायचे, याला धंदा म्हणत नाहीत, हलकटपणा म्हणतात. फोंड्याचं डिझेल द्या. लागेल तेवढं द्या. आणि माल मागवणाऱ्यांनो, "लोकेशन पाठवलंय" म्हणून फोन खिशात टाकता, तुमच्या गोडाऊनला मोठी गाडी कुठल्या बाजूनं लागते हे दोन वाक्यांत बोलायला जीभ झिजते काय? ट्रक गल्लीत घुसला, कुणाची गॅलरी गेली की ड्रायव्हरला शिव्या द्यायला सगळे पुढं. हा रस्ता ज्या खात्याचा आहे त्यांनी गगनबावड्याच्या फाट्यावर धुक्यातही दिसेल असा दिवा असलेला बोर्ड लावावा, मोठी गाडी इकडं नको म्हणून, आणि तो ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीला असावा. कागदावर लावलेला नको, खांबावर लावलेला पाहिजे.

आणि शेट, पोरगं घाटात रिव्हर्स घेत असताना त्याला फोन करत जाऊ नका.